कड्यावर घाबरलं कोण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भाषणं पुष्कळ केली — हे सोडून सगळ्यावर.

डोंगर काय फक्त इंग्रजी शाळांतल्या मुलांचे आहेत, असं विचारणारं पत्रक माझंच. कॉलेजात होते तेव्हा बडोद्याच्या फतेगंजात हातोहात वाटलं. बाजार खुला झाला, मग डोंगर का बंद? वस्त्यांतल्या मुलांच्या शिबिरांसाठी आम्ही सरकारी अनुदान मागत राहिलो, आणि मिळवलं. ते पत्रक मी आजही शब्द न बदलता लिहीन.

पहिलं शिबिर पावागढच्या डोंगरावर, मकरपुऱ्याच्या कामगार वस्तीतल्या मुलींचं. त्यांना घेऊन जाणारी ताई मी. त्यांतल्या सुनंदाला बापाने "एवढ्या वेळी जा" म्हणून सोडलं होतं. दोराने कडा उतरायचा, हे कळल्यापासून तिच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. बसमध्ये सगळ्यांना सांगत होती, मी उतरताना खालून बघा, माकडीण दिसते की नाही.

नियम असा, की आधी ताईने उतरायचं, मग मुलींनी. योग्यच नियम. मी कड्याशी गेले, खाली पाहिलं आणि — पाय उचलेना. एवढंच. तसं सांगितलं असतं तर कोण हसलं असतं? कदाचित कुणीच नाही. मग का नाही सांगितलं?

मी प्रशिक्षकांना म्हणाले, मुली घाबरल्यात, आज राहू द्या.

"कोण घाबरलंय, बेन?"

मी सुनंदाकडे बोट दाखवलं. तिच्याचकडे का? सगळ्यांत पुढे तीच उभी होती — कमरेला पट्टा बांधून, तयार.

ती माझ्याकडे बघत राहिली. आता बोलेल, असं वाटलं. बोललीच.

"हो सर. मला भीती वाटते."

आणि पट्टा सोडायला लागली.

पुढच्या वर्षीही अनुदान आलं. मुलींचं शिबिर मात्र बडोद्यातल्याच एका बागेत भरलं. वस्तीतल्या मुलींना कडा झेपत नाही, असं बैठकीत ठरलं होतं. त्या बैठकीत मी होते. मान हलवली. सुनंदाला बापाने पुन्हा सोडलं नाही, बागेतसुद्धा.

आमच्या मुली घाबरत नाहीत, असं मी अजून लिहिते. ते खरंच आहे. त्या दिवशी त्या कड्यावर एकच जण घाबरली होती — आणि तिने सुनंदाला पुढे केलं.