सरळ विचारणारी

मानसशास्त्रात पीएचडी करणारी ती मुलगी संशोधनासाठी आमच्या कापडे गावी यायची. विषय आत्महत्या रोखण्याचा, पण ओटीवर बसली की स्वतःच्याच विनोदाला आधी हसायची. हसता हसता मध्येच सरळ विचारायची, “जीव नकोसा होतो का कधी?” मला धडकीच भरायची.

एकदा, वहिनी गेल्यापासून अबोल झालेला माझा दादा म्हणाला, “व्हतो गो.” ती बिचकली नाही. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी आम्हा दोघांना घेऊन महाडच्या डॉक्टरांकडे गेली.

हळूहळू दादा माणसांत आला. परवा त्यानेच तिला विचारलं, “आनि तुला कोन इचारतंय गो?”

ती हसून म्हणाली, “आज तुम्ही विचारलंत. बसा दादा, सांगते.”