आत्तीची खोळ

पाण्यातून बाहेर आलेलं मूल घरापर्यंत कसं न्यावं, या विषयातला माझ्या आत्तीचा अधिकार कृष्णेपासून म्हादईपर्यंत कुणीही नाकारू शकणार नाही. पोहायला शिकवणारे पुष्कळ असतात. शिट्टी गळ्यात घालून काठावर उभे राहतात, हात असा मार, पाय तसा मार म्हणून ओरडतात, आणि तास संपला की मूल आईबापांच्या हवाली करून मोकळे होतात. पण त्यानंतर त्या ओल्या मुलाचं काय, तलावाच्या फाटकापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत ते काय घालून जाणार, हा प्रश्न साऱ्या पृथ्वीतलावर फक्त एका बाईला पडला, आणि ती बाई माझ्या वडिलांची सख्खी बहीण निघाली. हे माझं भाग्य आहे, असं मी आता म्हणतो. पहिले दोन महिने मी वेगळंच काहीतरी म्हणत होतो.

आत्तीचं खानापुरात शिवणाचं दुकान होतं. अर्ध्या तालुक्याच्या शाळांचे युनिफॉर्म तिच्या हाताखालून गेले. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा दुकान बंद करून ती बेळगावला आमच्याकडे राहायला आली. सोबत पायाचं मशीन, निळ्या कापडाचे उरलेले तागे आणि जगाविषयीची तक्रार एवढं सामान होतं. त्याच सुमारास माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला, श्रावणीला, मी संध्याकाळच्या पोहण्याच्या क्लासला घातलं. उद्यमबागेतल्या कारखान्यातून सुटलो की मी तिला स्कूटरवरून तलावावर सोडायचो, तास संपला की टॉवेल गुंडाळून मागे बसवायचो आणि घरी आणायचो. हा प्रकार आत्तीने एकदा पाहिला. पोर पायरीवर कुडकुडत उभी, केसांतून पाणी निथळतंय, आणि मी गाडी स्टँडला लावतोय. "बाळू," ती म्हणाली, "लेकरू आणलंयस का धुणं आणलंयस रं?" दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधीच ती स्कूटरवर मागे बसलेली होती. मधे श्रावणी, मांडीवर एक गाठोडं. उतर म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्या गाठोड्यात काय नव्हतं! आत्तीचं म्हणणं असं, की टॉवेल पाणी पुसत नाही, नुसतं इकडचं तिकडे करतो. पाणी पुसावं ते जुन्या सुती लुगड्यानं, आणि तेही किमान दहा वर्षं नेसलेल्या. आधी डोकं, मग कानांच्या पाठीमागे, मग काखा, शेवटी पायाच्या बोटांच्या बेचक्या. हा क्रम चुकला तर ती पुन्हा डोक्यापासून सुरुवात करायची. नंतर मोजे, मग कपाळावर फडकं, मग तोंडात सुंठ-गुळाची गोळी, आणि ती विरघळायला लागल्याशिवाय स्कूटरला किक मारायची परवानगी नाही. रोज फाटकाशी आल्यावर ती बोट ओलं करून हवेत धरायची. वारं उगवतीचं असेल तर एक फडकं, मावळतीचं असेल तर दोन, आणि वारं चंदगडच्या बाजूनं येत असेल तर मोज्यांवर मोजे. तिच्या या खात्यात आपपर भाव नव्हता. एका संध्याकाळी एक अनोळखी मुलगा शिंकत बाहेर आला, तर तिने त्याला मधल्यामध्ये पकडून त्याचं डोकं खसाखसा पुसायला घेतलं. त्याचे वडील धावत आले. ते खाकी वर्दीत होते आणि चांगले उंचनिंच होते. "स्वतःच्या डोस्क्यावर टोपी हाय न्हवं सायेब," आत्ती मान वर न करता म्हणाली, "मग ह्याचं उघडं का?" साहेबांनी टोपी काढून हातात घेतली, आणि आत्तीचं काम होईपर्यंत मुकाट उभे राहिले. त्यानंतर कितीतरी दिवस ते तिला नमस्कार करायचे. मला मात्र ओळख द्यायचे नाहीत.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग तलावावरच्या मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीचं दार मोडलं. कुलूप लागलं, दुरुस्ती होणार असं सगळे म्हणू लागले, आणि ती होईना. मुली पोहायच्या पोशाखावरच टॉवेल गुंडाळून बाहेर पडू लागल्या. फाटकापासून गाड्या लावायच्या जागेपर्यंत पन्नास-साठ पावलं असतील. वाटेत गोबी मंचुरीचा गाडा होता, आणि तिथे कॉलेजची पोरं प्लेटा हातात घेऊन उभी असायची. ती काही बोलायची नाहीत. नुसती बघायची. श्रावणीच्या बॅचला नऊ मुली होत्या. महिन्याभरात चार उरल्या. कुणाची परीक्षा आली, कुणाला सर्दी झाली, कुणाला भरतनाट्यमचा क्लास लागला. मीही मान डोलावून म्हणालो, हो, थंडी फार पडली यंदा. कारखान्यात हजारांश मिलिमीटरची चूक पकडणारा मी, पाच मुली गळाल्या तरी मला काही दिसलं नाही. आत्तीला दिसलं. "थंडीनं न्हाईत गेल्या त्या," ती म्हणाली. "घरला जाताना गेल्या."

आणि मग आत्तीने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. आमच्या खानापूरच्या बाजूला भातलावणीच्या दिवसांत बायामाणसं पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात दुमडून डोक्यावर घेतात. डोकं झाकतं, पाठ झाकते, हात चिखलात मोकळे राहतात. तिला खोळ म्हणतात. तर आत्तीने ट्रंकेतलं काळं घोंगडं काढून त्याची खोळ केली आणि श्रावणीला घातली. पायाच्या घोट्यापर्यंत पोर झाकली, नखसुद्धा दिसेना. आत्ती समाधानाने दोन पावलं मागे सरकून बघत राहिली. पण ओलं घोंगडं काय वासाचं असतं, हे घोंगड्याशेजारी जन्म काढलेल्या माणसाला कळत नाही. गाड्याजवळून जाताना एकाने नुसतं "बँऽऽ" केलं, आणि सगळा गाडा हसला. घरी आल्यावर श्रावणी घोंगडं जमिनीवर टाकून म्हणाली, "मी उद्यापास्नं जाणार न्हाय. आता कधीच न्हाय जाणार."

ही मुलगी झोपेतसुद्धा अंथरुणावर हात मारायची. पोहायला शिकवणारे सर म्हणाले होते, हिच्यात लई दम हाय, सोडू नका. बायकोने समजावलं, मी समजावलं, ती भिंतीकडे तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. आत्ती कॉलेजच्या फाटकासमोर बसस्टॉपवर सकाळपासून दुपारपर्यंत बसून आली. बस आली की लोक चढायचे, ही तिथेच. एक कंडक्टर म्हणे उतरून विचारायला आला, की आज्जी, कुठं जायचंय. "पोरी काय घालत्यात बघायचंय," आत्तीने सांगितलं. घरी आल्यावर तिने निष्कर्ष जाहीर केला. आताच्या पोरींना तीन गोष्टी लागतात: टोपी, खिसे, आणि आरशात बघितल्यावर ती आपणच आहोत असं वाटणं. मग ती मशीनवर बसली.

दोन दिवसांनी जे तयार झालं त्याला मी आजही हात जोडतो. बाहेरून शाळेच्या युनिफॉर्मचं गडद निळं कापड, आतून जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर, डोक्याला टोपी, दोन्ही बाजूंना कोपरापर्यंत हात जाईल एवढे खिसे. पण खरी करामत पुढेच होती. बाह्या इतक्या सैल आणि बगला इतक्या खोल कापल्या होत्या, की आतल्या आत हात ओढून घेता येत होते. म्हणजे ओलं मूल आत शिरायचं, उभ्या जागी आतल्या आत ओले कपडे उतरवायचे, कोरडे चढवायचे, आणि बाहेरच्या जगाला पत्ता लागायचा नाही. बदलायची खोलीच तिने मुलीच्या अंगावर शिवून दिली होती! माझी वीस वर्षं नकाशे आणि मापं बघण्यात गेली, पण इतकी सरळ युक्ती मी पाहिली नव्हती. मला शंका आली, आतल्या आत हे जमेल का? आत्तीने स्वतःच्या मापाचा चादरीचा एक नमुना टाचून ठेवलाच होता. तो घालून ती आमच्या दिवाणखान्यात मधोमध उभी राहिली. आत शिरताना अंगावर हिरवं नऊवारी होतं. आम्ही तिघं सोफ्यावर बसून बघत होतो. खोळ कधी इकडे फुगायची, कधी तिकडे, आतून "थांबा जरा" असं ऐकू यायचं. पाचेक मिनिटांनी तिने खोळ डोक्यावरून काढली, तर आत लाल नऊवारी, काष्ट्यासकट, निऱ्या जागच्या जागी! श्रावणीने टाळ्या वाजवल्या. घोंगड्यानंतर ती पहिल्यांदा हसली. "आणि खिशात मोबाईल मावतोय," आत्ती तिला म्हणाली, जणू मुख्य मुद्दा तोच होता.

पण एकटी श्रावणी खोळ घालून गाड्यासमोरून जाणार नाही, हे आत्तीला घोंगड्याने शिकवलं होतं. तिने नऊ शिवल्या. मग मला स्कूटर काढायला लावून, गळालेल्या पाचही मुलींच्या घरी गेली. कुठे चहा घेतला, कुठे उपदेश ऐकून घेतला. एक घर निपाणीकडच्या जैन कुटुंबाचं होतं. तिथली आई दारातच म्हणाली, मुलगी मोठी होतेय, आता पुरे. आत्ती तिच्याशी कानडीत बोलू लागली. मला तुटक तुटक कळत होतं. शेवटी तिने खोळ त्या बाईच्याच अंगावर चढवली, टोपी पुढे ओढली आणि म्हणाली, "कळसरी. ना अदीनी." पाठवा, मी आहे. त्या बाईने खिशात हात घालून बघितले, थोडी हसली, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली.

त्या संध्याकाळी नऊ निळ्या खोळी एकापाठोपाठ फाटकातून बाहेर पडल्या. पुढे आत्ती, बगलेत गाठोडं. मुलींनी हात खिशात घातले होते आणि त्या मुद्दाम हळू चालत होत्या. गाड्यावर कुणी हसलं नाही. एका पोराने तर काटा प्लेटीत ठेवून विचारलं, "आज्जी, हे कुठं मिळतंय?" "मिळत न्हाय," आत्ती म्हणाली. "आधी पव्हाय शीक, मग बघू." मी हेल्मेट घातलं आणि काच खाली केली.

पुढे दार दुरुस्त झालं, तरी खोळी राहिल्या. एकदा काठावरच्या बाकावर बसलो असताना मी सहज विचारलं, "आत्ती, तुला पोहता येतं गं?" इतकी वर्षं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "दोन दिस गेलते मलप्रभेवर. भावांच्या संगट. लई सोपं वाटलं बघ, दुसऱ्याच दिवशी तळापास्नं पाय सुटलं माझं. पोरं वल्या चड्डीवर घरला पळाली. मी वल्या परकरावर. गल्लीत माणसं बसलीती, ती बघाय लागली. आईनं दारातच हात धरून आत वढलं. म्हणाली, झालं एवढं बास." मला वाटलं, ही आता पुढे काही सांगेल. "तिचंबी काय चुकलं," ती म्हणाली, "घालाय द्यायला काय हुतं तिच्याजवळ?" आणि शिट्टी वाजली म्हणून लुगडं घेऊन उठली.

मी हे घरी बायकोला सांगितलं. श्रावणी ऐकत होती हे माझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या रविवारी तास संपल्यावर नऊजणी आत्तीभोवती गोळा झाल्या आणि श्रावणीने पाठीमागून एक घडी पुढे केली. दहावी खोळ, मोठ्या मापाची. आत्ती दुपारी पडायची तेव्हा तिच्याच मशीनवर, चोरून शिवलेली. सकाळी बायकांची बॅच असते, सरांना विचारलंय, असं सगळ्या एकदम सांगत होत्या. आत्तीने आधी खोळ उलटी करून शिवण बघितली. "टाका वाकडा हाय," ती म्हणाली. "आणि ह्यो खिसा वर गेलाय. कुणी लावला?" ती बराच वेळ त्या खिशावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "ह्या गुडघ्यांनी आता कुठं पव्हू गं बायांनो." मुलींचे चेहरे उतरले. माझाही उतरला असावा.

तिने खोळ डोक्यावरून घातली, हात बाह्यांत सारले, टोपी पुढे घेतली. मी स्कूटर आणली तर म्हणाली, लेकराला ने, मी चालत येते. गुडघ्यांची आठवण करून द्यायचं माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. पाण्याचा थेंब अंगाला न लागलेली माझी आत्ती, दोन्ही हात खिशात घालून, गाड्यासमोरून, दुकानांसमोरून, भर रस्त्याने सावकाश चालत घरी निघाली. श्रावणी स्कूटरवर बसलीच नाही. तीही तिच्या बाजूने चालू लागली, आणि मी गाडी ढकलत मागून गेलो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, काढून ठेवू का? आत्ती नको म्हणाली. जेवायलासुद्धा ती तशीच बसली.