पेन्सिलीनं लिहिलेला शेवट

शेवगावच्या वाचनालयातले ग्रंथपाल प्रत्येक प्रेमकथेच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं शेवट लिहून ठेवत. ‘नायिका विहिरीत.’ ‘दोघंही विष घेतात.’ पुराणातली राजकन्या असो की नव्या कादंबरीतली कॉलेजकन्या, त्यांना सगळ्या सारख्याच. “लोकं रडत्यात अन् पानं भिजत्यात,” एवढंच त्यांचं साहित्यविषयक मत.

एकदा ‘शेवटी लग्न होतं’ असं वाचून मी एक कादंबरी भरवशानं घरी नेली. शेवटच्या पानावर नायिका क्षयानं गेली. त्यांची चूक सापडल्याच्या आनंदात मी खोडरबर घेऊनच वाचनालयात गेलो आणि ते पहिलं पान त्यांच्यापुढं धरलं.

त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली नाही.

“आमच्या मंडळींनी आजारपनात अंथरुणात वाचायला घेतली हुती. शेवटापतोर त्या पोचनार न्हाईत, ठावं हुतं मला. तेवढं ऱ्हाऊ द्या.”