संगप्पा फौजीनं अज्जाला शब्द दिला

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला चाळीस पोरी, सहा पोरं अन् एक संगप्पा. पहिल्या दिवशी तो वर्गाच्या दारात आला तर सगळा वर्ग उठून उभा राहिला. त्यांना वाटलं, सरच आले. चौतीस वर्षांचा उंचापुरा माणूस, मिशी अशी की पट्टी लावून कापल्यासारखी, इस्त्रीची घडी जिथल्या तिथं. संगप्पा म्हणला, "बसा बसा," अन् गपचिप मागच्या बाकावर जाऊन बसला.

पुढच्या बाकावरची पुनम मागं वळली. "सर, तुम्ही मागं का बसलाव?"

"सर न्हाई ओ मी. तुमच्यातलाच हाय. ॲडमिशन घेतलंय."

पोरी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की खऱ्या मॅडम आल्या तेव्हा कुणाचं लक्षच नव्हतं. दुपारपर्यंत त्याचं नाव फौजीकाका पडलं होतं, अन् ते पडलं ते पडलंच.

गाव त्याचं शिरूर अनंतपाळच्या अलीकडं. बारावी झाल्या झाल्या भरती झाला, पंधरा वर्षं मिल्ट्रीत गाडी चालवली, त्यातली शेवटची चार वर्षं ॲम्ब्युलन्स. वर डोंगरात एकदा एका पोराच्या मांडीला लागलं होतं. गाडी दुसऱ्यानं चालवली अन् संगप्पा मागं बसून जखम दाबून धरून राहिला, दीड तास, हात बधिर होईस्तोवर. पोरगं वाचलं. सगळे म्हणले शाब्बास. संगप्पाला मात्र एकच गोष्ट टोचत राहिली, की आपल्याला नुसतं दाबता येतंय. त्याच्या पुढचं काहीच येत न्हाई.

पेन्शन घेऊन गावात आला अन् म्हणला, नर्सिंग शिकणार. गावात तर मज्जाच मज्जा. किराणा दुकानवाला मलप्पा म्हणला, "संगप्पा, बंदूक सोडून सुई धरलास व्हय? मग आता तुला सिस्टर म्हणायचं का?" बायको शिवकांता काही हसली न्हाई. ती म्हणली, "सुट्टीवर आलाव की हिरवे कपडे धुवायचे मी. त्यात डाग तरी दिसत नव्हते. आता पांढरे." अन् मग म्हणली, "तीन वर्षं शेत मी बघते. तीन म्हणजे तीन. मधी एक वर्ष जरी नापास झालाव ना, तर रविकिरणनं बँकेतली गार्डची नोकरी सांगितलीय, ती धरायची. पुन्हा विषय न्हाई."

रविकिरण तिचा भाऊ. नोकरी खरीच होती, लातूरला. बंदूक घेऊन दारात स्टुलावर बसायचं. संगप्पाला त्या स्टुलाचं स्वप्न पडायचं अन् घाम फुटायचा.

म्हणून नांदेडला तरोड्यात खोली घेऊन तो रात्रंदिवस अभ्यास करून राहिला. बेड लावण्यात तर त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. चादरीचे कोपरे असे दुमडायचा की पोरी मोबाईलवर फोटो काढून घ्यायच्या. इंजेक्शन मात्र जमायचं न्हाई, ते पोरींनी त्याला शिकवलं. आधी उशीवर, मग संत्र्यावर. पुनम म्हणायची, "काका, संत्रं ओरडत न्हाई. टोचा बिनधास्त."

वॉर्डातली पहिली पोस्टिंग आली अन् तिथं घोटाळा झाला.

मिल्ट्रीच्या दवाखान्यात कसं असतं, साहेब राउंडला आले की ज्याला बसता येतं तो पेशंट बेडवर ताठ बसतो, हात मांडीवर, नजर समोर. संगप्पाला वाटलं, दवाखाना म्हणजे दवाखाना, सगळीकडं हीच रीत असणार. तिसऱ्या दिवशी तनुजा मॅडम डॉक्टरांसोबत पुरुषांच्या वॉर्डात आल्या, अन् संगप्पानं दारातूनच आवाज टाकला, "वॉर्ड, सावधान."

आवाज परेड ग्राउंडचा. बावीसच्या बावीस पेशंट उठून बसले. टाके घातलेले बसले, सलाईनवाले बसले, एकाची सुई निघाली. कोपऱ्यातला एक जण घाबरून बेडखालीच उतरला. पेशंटला भेटायला आलेला एक सोयरा केळं खात होता, तो पण तसाच केळ्यासकट ताठ.

तनुजा मॅडम वयानं संगप्पापेक्षा लहान. पण त्यांनी त्याला बाहेर व्हरांड्यात नेऊन जे झापलं, तसं सुभेदारानं पण कधी झापलं नव्हतं.

"ह्या लोकांना आराम लिहून दिलाय, संगप्पा. कवायत न्हाई."

"चुकलं मॅडम."

"पेशंट तुमच्या हाताखालचा न्हाई. तुम्ही त्याच्या हाताखालचे आहात, हे डोक्यात जाऊ द्या. अजून एक तक्रार आली ना, तर मी ह्या पोस्टिंगला नापास लिहिणार. अन् पोस्टिंग गेली की वर्ष गेलं."

वर्ष गेलं म्हणजे स्टूल. संगप्पानं मान खाली घातली अन् पुढचे दहा दिवस तो वॉर्डात असा हळू बोलायचा की पेशंट म्हणायचे, ओ ब्रदर, जरा मोठ्यानं बोला की, ऐकू येईना.

पोस्टिंगचा शेवटचा दिवस उरला होता. त्या दिवशी सकाळी मडिवाळप्पा नावाच्या म्हाताऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. देगलूरच्या पलीकडचे, पंच्याहत्तरी पार केलेले, मराठीत कानडी मिसळून बोलणारे. त्यांना तयार करायला पुनमला पाठवलं होतं अन् ती रडत परत आली.

"काका, ते गळ्यातलं काढू देईनात. मी दोऱ्याला हात लावला तर केवढ्यानं ओरडले माझ्यावर. त्यांची पोरगी म्हणते तक्रार करते."

संगप्पा गेला. मडिवाळप्पा बेडवर पाय पोटाशी घेऊन बसलेले, दोन्ही हातांनी गळ्यातली चांदीची डबी धरलेली. बाजूला त्यांची लेक अंबिका, तोंड उतरलेलं. ती म्हणली, "आता तुम्ही पण काढा म्हणायला आलाव का? आप्पा लिंगायत हायेत. डबीतलं इष्टलिंग अंगावरून उतरत न्हाई. उतरलं तर पाणी पण घेत न्हाईत."

संगप्पानं स्टूल ओढलं, बसला, अन् हात जोडले. "शरणार्थ, अज्जा."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "शरणार्थ. कुठला तू?"

"शिरूर अनंतपाळकडचा." संगप्पानं कॉलरचं बटण काढून आपल्या गळ्यातला दोरा दाखवला.

"मग तूच सांग ह्यांना. सत्तर वर्षं झाली, न्हाताना बी उतरवलं न्हाई. लिंग न्हाई अन् तिथं टेबलावर मेलो तर?"

"हर्नियानं कशाला मरताव अज्जा. शंभरी हाय तुमची."

"बेडा, बेडा. मला ऑपरेशनच नको." म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडं केलं.

फौजेत असता तर संगप्पानं एका हुकमात काम केलं असतं. इथं हुकूम चालत नव्हता अन् त्याला चालवायचा पण नव्हता. पुढं वाकून त्यानं ती डबी नीट बघितली. मग म्हणला, "अज्जा, डबी चांदीची ना?"

"चांदीची."

"अन् आत लिंग कशाचं?"

म्हातारा वळून बघायला लागला, की हे पोरगं खरंच लिंगायत हाय का न्हाई. "दगडाचं. वर काळा मुलामा. तुला ठाव न्हाई?"

"ठाव हाय. ह्या लोकायला अंगावर धातू नको हाय. दगडाचं कुणी काय म्हणलं न्हाई. डबी अन् दोरा ताईपाशी ठेवू. लिंग तुमच्या डाव्या तळहातावर ठेवून पट्टीनं बांधू. पूजेला बसल्यावर असतं तसंच."

म्हाताऱ्यानं हळूच पाय सोडले. "अन् आत नेऊन काढून घेतलं तर?"

"न्हाई घेणार."

"शब्द देतूस?"

"दिला."

दिला, अन् मग संगप्पाच्या ध्यानात आलं. ऑपरेशनच्या खोलीत त्याचं कोण ऐकणार होतं? पहिल्या वर्षाचा पोऱ्या तो. आत न्हाई म्हणले तर म्हातारा सगळा दवाखाना डोक्यावर घेईल, अंबिका तक्रार करेल, अन् पुढं लातूर, बँक, स्टूल.

तो पळतच तनुजा मॅडमकडं गेला अन् सगळं एका दमात सांगितलं. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

"आधी शब्द दिलाव अन् मग विचारायला आलाव?"

"हाव मॅडम. उलटं झालं."

"कुणाला विचारून दिलाव?"

"कुणालाच न्हाई."

मॅडम उठल्या. थेट ऑपरेशनच्या खोलीकडं निघाल्या, संगप्पा मागं मागं. भुलीच्या डॉक्टर हात धूत होत्या, त्यांनी मान न वळवताच ऐकून घेतलं.

"दगडच आहे ना? नक्की?" डॉक्टरांनी विचारलं.

"नक्की मॅडम. माझ्यापाशी बी तसंच हाय."

"कमरेत इंजेक्शन देणारे मी, पेशंट जागाच असणार. नीट पट्टी बांधा, वर हातमोजा घाला. सलाईन उजव्या हाताला. डावा हात हलला न्हाई पाहिजे पण."

तनुजा मॅडम संगप्पाकडं वळल्या. "शब्द तुम्ही दिलाव. हात तुम्हीच धरायचा."

मडिवाळप्पांनी स्वतःच्या हातानं डबी उघडली. संगप्पानं गॉज ठेवला, लिंग ठेवलं, पट्टी गुंडाळली. चादरीच्या कोपऱ्याइतकी नेटकी पट्टी. मग पाऊण तास तो ऑपरेशनच्या टेबलाजवळ म्हाताऱ्याचं डावं मनगट धरून उभा होता. मधल्या पडद्यापलीकडं काय चाललंय ते अज्जांना दिसत नव्हतं, म्हणून ते आरामात चौकशा करून राहिले. घराणं कोणतं, जमीन किती, बायको कुठली. बायको औशाची म्हणल्यावर सोयरीकच निघाली, लांबची का होईना. सर्जन म्हणले, "आजोबा, जरा कमी बोला." अज्जा म्हणले, "तुम्ही तुमचं काम करा की."

सगळं नीट पार पडलं. बाहेर आल्यावर अंबिकानं पयलं बापाचा डावा हात बघितला, मग टाक्यांचं विचारलं. तक्रारीचा विषय तिनं काढलाच न्हाई. पुनमला मात्र बोलावून घेतलं अन् पिशवीतले दोन लाडू दिले.

संध्याकाळी तनुजा मॅडमनी पोस्टिंगची वही मागवली. बराच वेळ लिहीत होत्या. संगप्पा समोर उभा.

"पास लिहिलंय," मॅडम म्हणल्या. "खाली हेही लिहिलंय की विचारल्याशिवाय पेशंटला शब्द देऊ नये. डॉक्टर न्हाई म्हणल्या असत्या तर मी तुम्हाला वाचवलं नसतं."

"हाव मॅडम."

"अन् सोमवारी मुलांना पट्टी कशी बांधली ते दाखवा. मला पण नीट बघायचीय."

गेटबाहेर येऊन त्यानं घरी फोन लावला. "शिवकांता, पोस्टिंग पास झालो."

तिकडून पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. शेतात असणार. ती म्हणली, "बरं. रविकिरणला सांगते, दुसरा माणूस बघ म्हणून." अन् नाक ओढल्याचा आवाज आला, पण ती ते कबूल करणारी न्हाई. "अन् ऐका, मलप्पा चौकशी करत होता. फौजी रविवारी येणार का, बीपी बघून घ्यायचंय म्हणत होता. मी सांगितलं, पयलंच वर्ष हाय, नुसत्या चादरी बदलता येतेत."

"येतंय की बीपी बघता." संगप्पाला जरा लागलंच.

"येतंय?"

"चांगलं येतंय."

"मग मलप्पाला लाईनीत थांबू द्या," शिवकांता म्हणली. "पयलं माझं बघायचं."