बाईंना समजेल असं व्याज

कौतिक वना पाटील पारोळ्याच्या बँकेत क्लार्क होता. साडेबारा टक्क्यांनी आठ हजारांचं अडीच वर्षांचं व्याज विचारावं, तर समोरचा डोळे मिचकावेपर्यंत हा "अडीच हजार" म्हणून मोकळा! वडिलांनी लहानपणी बांधावर बसवून पावकी-दिडकीचे पाढे घोकून घेतले होते. असा हा हिशेबाचा वाघ सीएआयआयबीत, म्हणजे बँकवाल्यांच्या परीक्षेत, दोनदा आपटला, आणि तोही आकडेमोडीच्याच पेपरात. ती पास झाली की पगार वाढे, अधिकारी व्हायची वाट मोकळी होई. १९८७ची ही शेवटची खेप, पुन्हा फॉर्म भरायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

घोडं इंग्रजीपायी अडलं, असं वाटून तो शेजारच्या प्रमिलाबाईंकडे गेला. निवृत्तीला आलेल्या या बाई कन्याशाळेत इंग्रजी शिकवत. गणितातलं त्यांना ओ की ठो कळत नसे.

"मागच्या वेळी काय लिहिलंस ते दाखव," बाई म्हणाल्या.

त्यानं लिहून दाखवलं. प्रश्न सात ओळींचा आणि खाली नुसता एक आकडा.

"हा आकडा आला कुठून?"

"डोक्यातून, बाई. बरोबर आहे ना!"

"तपासणारा काय तुझ्या डोक्यात शिरणार आहे? मला समजेल असं लिही."

आठवडाभर कौतिक मनातून चिडलेला होता. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, हे काय सांगायचं असतं? पण बाई ओळीओळीला अडत, "कसं?" म्हणून विचारत. तो मराठीत समजावून सांगे, त्या त्याचं पाच-सहा शब्दांचं इंग्रजी वाक्य करून देत. सहा महिने हे चाललं. फी विचारली तेव्हा बाई अशा रागावल्या की त्यानं पुन्हा विषय काढला नाही. सावद्याहून आणलेला केळीचा घड तेवढा त्यांनी घेतला, त्यातलीही निम्मी केळी गल्लीत वाटली.

जळगावला पेपर झाला. परतीच्या एसटीत त्यानं सवयीनं मोठं गणित मनात पुन्हा केलं आणि त्याचा चेहरा पडला. शेवटच्या बेरजेत हातचा धरायचा राहिला होता. जन्मात कधी चुकला नव्हता, तो आज चुकला.

तरी निकाल लागला तेव्हा कौतिक पास होता, काठावर का होईना. तो जाऊन बाईंच्या पाया पडला. घरी येऊन त्यानं आईला, झुंबरबाईला, सगळं सांगितलं. तिला काही ते पटेना.

"उत्तर चुकनं, मंग मार्क कशाना दिधात रे?"

"उत्तर कसं काढं ते समजाडाना मार्क, माय," कौतिक म्हणाला. "त्या मार्क मना नहीत, बाईसना."