बोल्ट काढलेलं कव्हर

कोर्टाच्या कमिशनरची गाडी गेटपाशी आली तेव्हा मला दिसलं की आमच्या कव्हरवर एकही बोल्ट नाही.

पुठ्ठ्याचे खोके कापायच्या मशीनमध्ये दोन रोलर असतात. एकावर ब्लेड, दुसऱ्यावर रबरासारखं जाड कव्हर. ब्लेड कव्हरमध्ये रुततं, म्हणून ते झिजतं आणि बदलावं लागतं. समोरच्या कंपनीचं पेटंट अशा कव्हरचं होतं, जे बोल्टशिवाय, टोकात टोक अडकवून बसतं. आमचे क्लायंट शिरपूरकर काका जबलपुरात, रिछाईला, कव्हर बनवतात. त्यांचीही टोकं अडकतात, पण वर बोल्ट लागतात. आमचा सगळा बचाव त्या बोल्टांवर होता. तो पडला तर कोर्टाचा स्टे, आणि काकांचं वर्कशॉप बंद.

"काका, बोल्ट?"

"रॉकेलमध्ये टाकले, बेटा. गंजले होते ना. कोर्टाचे लोक येऊन राहिले, घाण काहून दाखवायची?" मशीनला त्यांनी रंग दिला होता, हारसुद्धा घातला होता. "लावून देऊ का पटकन?"

लावताना कोणी पाहिलं तर पुराव्याशी छेडछाड. नाही लावले तर आम्ही खोटे. सिनियर सरांचा फोन लागत नव्हता. ऑफिसकडून मी एकटीच होते, आणि चारचौघांत माझा आवाज निघत नाही.

"नका लावू," मी म्हटलं.

पाहणीसाठी कोर्टाने नेमलेल्या कमिशनर मॅडमना मी जे होतं ते सांगितलं. अडखळत, अर्धं इंग्रजीत. बोल्टांचा डबाही दाखवला.

समोरचे वकील हसले. "वाह, मेहमान आए तो सबूत ही धो डाला. मॅडम, इसे ऐसे ही चलवाइए. बिना बोल्ट के चल गया, तो बात खत्म."

मॅडमनी मान डोलावली. काकांनी मशीनवरचा हार काढून घेतला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

जाळीचं गार्ड लावून सगळे मागे सरकले. रोलर हळू फिरला. कव्हर जागेवर. मला वाटलं, संपलं. मग वेग वाढला तशी फटफट सुरू झाली, कव्हरचं टोक उचकटलं आणि गार्डवर आदळलं. ऑपरेटरने मशीन थांबवली.

नंतर मॅडमच्या समोरच बोल्ट घट्ट कसले. त्याच वेगात कव्हर हललं नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी अहवालात लिहिल्या.

समोरच्यांना स्टे मिळाला नाही. केस चालू आहे. बोल्ट आपण मुद्दामच काढले होते, असं काका हल्ली सगळ्यांना सांगतात. कोर्टात तेवढं बोलू नका, असं मी त्यांना बजावलंय.

पाहणीच्या आधी प्रत्येक क्लायंटला मी आता स्वतः फोन करते. मशीन पुसूसुद्धा नका, म्हणते.