कॉर्नेटचे खालचे सूर

सत्तरीच्या दशकात आमच्या अनसिंगच्या बँडमध्ये नऊ वाद्यं होती आणि सगळे एकच चाल वाजवत. जो जोरात वाजवील तो चांगला, एवढंच आमचं संगीतशास्त्र. रेडिओवर एक वाद्य चाल धरतं आणि दुसरं तिच्याखालून निराळंच काही वाजवतं, हे मला ऐकू यायचं. मी क्लॅरिनेट वाजवायचो आणि स्वतःला जरा शहाणा समजायचो.

कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य; ते वाजवणारे काका साठीचे. त्या हिवाळ्यात त्यांचे समोरचे दोन दात पडले आणि वरच्या सुरांना नुसती हवा निघू लागली. बँडच्या मास्तरांनी सांगून टाकलं, लग्नसराईपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर घरी बसा. काकांनी उभ्या आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं.

मी शाळेतल्या पेटीवर त्यांच्यासाठी खालचे सूर बसवायला घेतले. चालीतला सूर घ्यायचा, एक पट्टी सोडून खालचा वाजवून पाहायचा, कानाला खुपला तर खोडायचा. वहीत वरच्या ओळीत चाल, खालच्या ओळीत काकांचे सारेगम. त्यांच्या तोंडाला झेपणार नाही असा एकही सूर ठेवला नाही. तालमीला आम्ही गोल बसायचो. काकांनी वाजवलं तेव्हा चाल एकदम भरल्यासारखी वाटली. मास्तरांनी तीच चाल पुन्हा वाजवायला लावली, म्हणजे पसंत पडलं. मला फार आनंद झाला, तो मी लपवला.

लग्न जऊळक्याला होतं. वरातीत कॉर्नेटवाला सगळ्यांत पुढे चालतो आणि चाल वाजवणारे आम्ही बाकीचे मागे. इतकी वर्षं चालत होतो, पण वही लिहिताना हे डोक्यात आलं नाही. पुढे नाचणाऱ्यांना फक्त काकांचे खालचे सूर ऐकू गेले, गाणं गेलंच नाही. पोरं नाचायची थांबली, तसा बँडही थांबला. नवरदेवाचा मामा मास्तरांजवळ आला.

"हा बुढा काय वाजवून राह्यला? आमाले गाणंच समजून नाही राह्यलं."

मास्तरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती जिभेने ओली करत राहिलो.

"माह्यं चुकलं," काका म्हणाले. "दात नाहीत न बापा."

मास्तरांनी कॉर्नेट घ्यायला हात पुढे केला. काकांनी ते सदऱ्याला पुसून दिलं आणि ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. वरात पुढे निघाली. काकांना नुसतं माझ्या शेजारी आणून उभं करा, म्हणजे चाल आणि खालचे सूर एकत्र ऐकू जातील, एवढंच मला मास्तरांना सांगायचं होतं. लाज वाटत होती, तरी मी वाजवत पुढे गेलो.